दोन ठोके, एक टाळी

‘बँड’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला आणि आपण तो नेऊन लग्नाच्या मांडवात उभा केला. आमच्या येरवड्यात तुम्ही कोणालाही विचारा, बँड म्हणजे काय? तो सांगेल, लाल कोट, सोनेरी गोंडे, पुढे काठी फिरवणारे मास्तर, मध्ये ऊन चढेल तशी बेसूर होत जाणारी ट्रम्पेटे, आणि सगळ्यांत मागे पोटावर भला मोठा ढोल बांधून घामाघूम झालेला एक गृहस्थ. नवऱ्या मुलाचा घोडा बिचकू नये, एवढीच त्या गृहस्थाकडून जगाची अपेक्षा. तेव्हा विलायतेत चार माणसे मिळून एक बँड काढतात, त्यांतला गाणारा मरून तीस वर्षांच्या वर होतात, आणि तरीही जगभरची लाखो माणसे त्या बँडवरून जीव ओवाळून टाकतात, असे कोणी सांगितले, तर आमच्याकडचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारील, ‘वरात कोणाची होती?’

पोटावर ढोल बांधलेला तो मागचा गृहस्थ म्हणजे आमचा मामा. आईचा धाकटा भाऊ. गुंजन टॉकीजच्या मागच्या अंगाला एका खोलीत त्याचा संसार, आणि त्या खोलीत निम्मी जागा ढोलाची. लग्नसराईत चार पैसे हातात येत. चातुर्मासात मामा हमाली करी, रंगकाम करी, गणपतीत पुन्हा ढोल बांधी. गाण्याचे शास्त्र त्याला कोणी शिकवले नव्हते. परंतु चालत्या रस्त्यावर, रहदारीत, फटाक्यांत, दहा जणांना एका तालात धरून ठेवण्याचे काम त्याने तीस-बत्तीस वर्षे केले. हे काम ज्याने केले आहे, त्याला ताल म्हणजे काय ते मी सांगायला नको.

या मामाला एका विलायती बँडचे वेड होते. पुष्कळ माणसांना पुष्कळ वेडे असतात. कोणाला पत्त्यांचे, कोणाला गुलाबाच्या कलमांचे. पण पुण्याच्या पूर्वेकडल्या वस्तीतला, मराठी चौथी पास ढोलकरी आणि ‘क्वीन’ नावाचा लंडनचा बँड, ही जोडी जुळली कशी, याचे मला लहानपणापासून कुतूहल वाटत आले आहे. मी स्वतः मॅट्रिक. मुलांना शिकवतो, सुटीत कादंबऱ्या लिहितो. माझे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकापुरते. गाण्यातले इंग्रजी मला आजही निम्मेच कळते. मामाला तर एक अक्षर कळत नव्हते. आणि मौज अशी, की त्याचे कधी काही अडले नाही.

जुळले ते जुन्या बाजारात. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुणेकरांना ठाऊक आहेच. मोडक्या कुलपापासून साहेबाच्या दुर्बिणीपर्यंत तिथे काय वाटेल ते मिळते. मामा जाई ढोलाच्या कड्या आणि पट्टे शोधायला. १९८६च्या सुमारास एका पथारीवर त्याला कॅसेटींचा ढीग दिसला. कागद फाटलेले, नावे पुसलेली. बँडच्या मास्तरांना नवी चाल मिळाली तर पाहावी म्हणून त्याने मूठभर कॅसेटी उचलल्या. त्यांतल्या एकीतून जे निघाले, त्याने मामाला जागच्या जागी बसवले. पायाचे दोन ठोके, हाताची एक टाळी. पुन्हा दोन ठोके, एक टाळी. आणि त्यावर एकटा माणसाचा गळा. बाकी काही नाही.

‘अरे, ढोल नाहीच!’ मामा मला सांगत होता. मी सहा-सात वर्षांचा असेन. ‘ढोल न घेता ढोल वाजवलाय या पठ्ठ्यांनी!’

मामी चुलीजवळून म्हणाली, ‘त्या साहेबांना म्हणावं, भाकरी गार होतेय.’

ते गाणे म्हणजे ‘वुई विल रॉक यू’. साल १९७७. पुढे मोठा झाल्यावर मी त्याची हकीकत वाचली, तेव्हा मामाच्या कानाचे मला नवल वाटले. खरोखरच त्यात शेवटच्या गिटारीपर्यंत दुसरे वाद्य जवळजवळ नाही. त्या वर्षी इंग्लंडात स्टॅफर्ड गावच्या बिंगली हॉलमध्ये या बँडचा कार्यक्रम झाला. कार्यक्रम संपला तरी लोक घरी जाईनात; उलट त्यांनीच एका सुरात एक गाणे म्हणायला सुरुवात केली. गिटार वाजवणारा ब्रायन मे त्या रात्री विचारात पडला. इतकी माणसे दाटीवाटीने उभी असतात. त्यांना हलायला जागा नसते. मग त्यांना काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल, गाता येईल. बस्स, त्यातून गाणे झाले. उत्तर लंडनमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत त्यांचे ध्वनिमुद्रण चाले. तिथल्या जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून त्यांनी ते ठोके भरले.

हे मी मामाला वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, ‘ढोलकऱ्याला ऐकणारा लागतो. यांनी ऐकणाऱ्यालाच ढोलकरी केला.’

मला वाटते, या बँडवरल्या लोकांच्या प्रेमाची निम्मी किल्ली मामाच्या या वाक्यात आहे. आपल्याकडे ही युक्ती नवी नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी विश्रांतवाडीवरून आमच्या वस्तीच्या अंगाने पुण्याकडे जाते. लहानपणापासून मी ती पाहत आलो. त्या मेळ्यात गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे कोणी सांगू शकेल काय? टाळ ज्याच्या हातात तो गवई. कीर्तनात बुवा सर्वांना टाळ्या वाजवायला लावतात, ते काही स्वतःचा श्वास खाली बसावा एवढ्यासाठी नव्हे. ज्या गाण्यात आपला हात लागला, ते गाणे आपले होते. आणि आपली वस्तू कोणी सहजासहजी टाकून देत नाही.

नाव कळायला मामाला आणखी वर्ष लागले. जुन्या बाजारातल्या पथारीवाल्याने सांगितले, ‘क्वीन. म्हणजे राणी.’ मामा पेचात पडला. चार पुरुषांचा बँड आणि नाव राणी? शेवटी तोडगा आमच्या आजीने काढला. ती म्हणाली, ‘त्यात काय झालं? आमच्या वेळी नारायणराव राजहंस शालू नेसून उभे राहत, तर बायका त्यांच्यासारखा पदर घ्यायला शिकत.’ प्रश्न मिटला. पुढे मी वाचले, की १९८४ साली या चौघांनी एका गाण्याच्या चित्रफितीत बायकांचे कपडे घातले, तेव्हा इंग्लंड हसले. पण अमेरिकेतल्या पुष्कळांना ते रुचले नाही. अमेरिकेला बालगंधर्व लाभले नाहीत, त्याला कोण काय करणार!

आता थोडे या चौघांविषयी. १९७० साली लंडनमध्ये हा बँड उभा राहिला. १९७१मध्ये जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौघे पुरे झाले. ब्रायन मे, रॉजर टेलर, डीकन आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी. मे हा विज्ञानाचा विद्यार्थी. विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून पोरवयात वडिलांच्या मदतीने त्याने स्वतःची गिटार घरीच केली; तिच्या दांड्याचे लाकूड एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. ती गिटार तो जन्मभर वाजवत आला. बँडसाठी अर्धवट सोडलेला खगोलशास्त्राचा प्रबंध त्याने पुढे पुरा केला आणि २००७ साली, साठीच्या उंबरठ्यावर, डॉक्टर झाला. ही गोष्ट मी दरवर्षी आमच्या दहावीच्या मुलांना सांगतो. ढोल आणि पदवी यांचे वैर नाही, एवढे तरी त्यांना कळावे.

१९७५ साली या मंडळींनी ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ नावाचे गाणे काढले. सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. त्या वेळी रेडिओवर एवढे लांब गाणे सहसा कोणी लावीत नसे. जाणत्या लोकांनी सांगितले, हे चालणार नाही. त्यात आधी विलंबित गाणे, मध्येच संगीत नाटकासारखा गलका, मग आदळआपट आणि शेवटी पुन्हा शांत. मधल्या गलक्यासाठी तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले, की फीत झिजून तिच्यातून पलीकडचे दिसू लागले म्हणतात. केनी एव्हरेट नावाच्या निवेदकाने लंडनच्या रेडिओवर शनिवार-रविवारी मिळून ते चौदा वेळा लावले आणि सोमवारी लोक दुकानांत ते मागू लागले. इंग्लंडात नऊ आठवडे ते पहिल्या क्रमांकावर राहिले. पारखी लोक पुष्कळदा लोकांच्या वतीने आधीच कंटाळून घेतात. लोक मात्र तेवढे कंटाळलेले नसतात.

आता चाहत्यांचे म्हणाल, तर वेडाला मोजमाप नाही. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो गावी तळ्याकाठी फ्रेडीचा पुतळा १९९६ पासून उभा आहे. त्याच्या पायाशी फुले ठेवायला माणसे देशोदेशींहून जातात. लंडनच्या केन्सिंग्टन भागात त्याचे घर. त्या घराच्या भिंतीवर चाहते वर्षानुवर्षे निरोप लिहीत आले. २०२३ साली लंडनमध्ये त्याच्या घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. लिलावाआधी त्या वस्तू नुसत्या पाहायला १,४०,००० माणसे येऊन गेली. त्याचा पियानो १७ लाख पौंडांच्या वर गेला, ते एक वेळ समजू शकते. पण मिशा विंचरायची चांदीची इवलीशी फणी १,५२,४०० पौंडांना गेली. म्हणजे आपले दीड कोटी रुपये होऊन वर काही उरले. हे वाचून दाखवल्यावर मामीने मामाच्या मिशांकडे एकदा निरखून पाहिले आणि काही न बोलता ती भाजी निवडू लागली.

आपण हसतो खरे. पण आपल्याकडे काय निराळे आहे? १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. त्याला डिसेंबरच्या थंडीत घोंगडी पांघरून येणारी माणसे मी पाहिली आहेत. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एकदा फार पूर्वीच्या मैफलीतली एक तान हाताने काढून दाखवली होती. गळा साथ देईना, म्हणून हाताने. त्यांच्या हातात फणी नव्हती, पैसाही नव्हता. पण तान होती. प्रेम करणाऱ्याला काहीतरी धरून ठेवावेसे वाटते. ज्याला जे परवडते ते तो धरतो.

मामाजवळ ती एक कॅसेट होती. फीत तुटली की तो ती नखपॉलिशने चिकटवी. गुंडाळी फिरवायला पेन्सिल कायम बरोबर असे. पुढे पुढे त्या गाण्यात मध्येच उचकी लागल्यासारखे होई. मी त्याला नवी आणून दिली, तर त्याला ती पटेना. ‘ह्यात उचकी नाही,’ म्हणाला.

१९९१च्या नोव्हेंबरात जुन्या बाजारातल्या त्याच पथारीवाल्याने मामाला बातमी दिली, ‘तुझा गाणारा गेला.’ २३ तारखेला त्याने आपल्याला एड्स असल्याचे जाहीर केले आणि २४ तारखेला तो मरण पावला. वय ४५. मामाने काय आजार ते विचारले आणि पथारीवाल्याने आवाज खाली आणून सांगितले. त्या काळात त्या आजाराचे नाव सगळेच आवाज खाली आणून घेत. मामा घरी आला. संध्याकाळी त्याने कॅसेट लावली नाही. दुसऱ्या दिवशी लावली. त्या आजाराविषयी तो बरे-वाईट काहीच बोलला नाही.

बोलायची वेळ पुढे सहा वर्षांनी आली. मामाच्या बँडात क्लॅरिओनेट वाजवणारा एक तरुण होता. हाताचा मोठा गोड. लग्नात मुलीची पाठवणी करताना त्याने वाजवायला सुरुवात केली, की मांडवातल्या बायका आधीच पदर शोधू लागत. तो खंगत गेला. कशाने, हे वस्तीला कळायला वेळ लागला नाही. पुण्यात त्या वर्षांत हा आजार फार पसरला होता. भोसरीला त्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था १९९२ सालीच निघाली होती. पण संस्था भोसरीला आणि भीती घराघरांत. नळावर त्याच्या आईची कळशी लोक बाजूला सारू लागले. एका शाळेने त्याच्या धाकट्या भावाला ‘काही दिवस’ घरी बसायला सांगितले. आणि एका पावसाळी सकाळी तो गेला, तेव्हा आळीत एकामागून एक दारे लोटली गेली. खांदा द्यायला माणूस मिळेना.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. मामा आमच्या घरी आला. अंगात बँडचा लाल कोट. म्हणाला, ‘मास्तरांना निरोप धाडलाय, सगळे येतायत.’ आई घाबरली. म्हणाली, ‘दादा, तुला पोरंबाळं आहेत.’ तेव्हा मामा जे बोलला ते मला जसेच्या तसे आठवते.

‘ताई, ज्याचं गाणं मी दहा वर्षं ऐकतोय, तो ह्याच आजारानं गेला. त्याला मी नावं ठेवली नाहीत. मग ह्याला कशी ठेवू? हा तर माझ्या शेजारी उभा राहून वाजवीत होता. आणि डॉक्टर म्हणतात, हात लावल्यानं काही होत नाही.’

बँडची नऊ माणसे आली. कोट घातलेली. त्यांनी त्याला उचलले. पाऊस होता, म्हणून कोटांचा लाल रंग मनगटांवर ओघळत होता. कोणी काही वाजवले नाही. आळीत नेहमी ज्यांच्या पुढे लोक नाचत, ती माणसे त्या दिवशी अगदी मुकाट्याने चालत गेली, तरी त्यांची पावले एका तालात पडत होती. ती सवय त्यांची सुटत नसावी. मीही गेलो. मयताच्या घरी शेजाऱ्यांनी पिठले-भात पाठवायचा, ही आपली रीत. त्या घरी तो मामीने पाठवला, आणि भांडे परत आल्यावर इतर भांड्यांबरोबर घासून फळीवर ठेवले.

लोक म्हणतात, पोरे असल्या गाण्यांच्या नादी लागतात आणि बिघडतात. मी शिक्षक असल्यामुळे पालक ही तक्रार घेऊन माझ्याकडे नेहमी येतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण माझ्या मनात तो लाल कोट उभा राहतो. मामाला त्या गाण्यांतून कोणी उपदेश केला नव्हता. शब्द तर त्याला कळतच नव्हते. फक्त एका परक्या माणसाचा गळा त्याने मनापासून आपला मानला होता. त्यामुळे त्या माणसाचा आजारही त्याला परका राहिला नाही, आणि मग शेजाऱ्याचा आजार परका मानायला त्याच्याजवळ कारण उरले नाही. इकडे मामाने हे केले तेव्हा त्याला ठाऊक नव्हते, की तिकडे उरलेल्या तिघांनी २० एप्रिल १९९२ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर मित्रासाठी मोठा कार्यक्रम करून याच आजाराविरुद्ध लोकांना जागे केले होते, आणि त्यातून निघालेली संस्था देशोदेशीच्या रुग्णांसाठी काम करू लागली होती.

यानंतर वीस-एकवीस वर्षांनी या गोष्टीला एक निराळेच वळण लागले. २०१८ साली या बँडवर चित्रपट निघाला आणि मराठी वर्तमानपत्रांतही फ्रेडीची माहिती छापून आली. मी मामाला वाचून दाखवू लागलो. मूळ नाव फारोख बलसारा. पारशी. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार बेटावर; वडील तिथल्या इंग्रजी सरकारच्या नोकरीत रोखपाल. आठ वर्षांच्या मुलाला आईबापांनी बोटीत बसवून शिकायला पाठवले ते कुठे, तर आपल्या पाचगणीला!

‘थांब,’ मामा म्हणाला. ‘कुठली पाचगणी?’

‘वाईच्या वरची.’

मामा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘पाचगणीला मी दोनदा वाजवून आलोय.’

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो मुलगा वाढला. तिथे त्याने पियानोचे धडे घेतले. तिथल्याच दोस्तांनी त्याला फ्रेडी हे नाव दिले. पुढचे दात जरा बाहेर, म्हणून मुले त्याला चिडवीत. जबड्यात चार दात जास्त होते, आणि ते काढले तर आवाज बदलेल या भयाने त्याने ते जन्मभर तसेच ठेवले. बारा वर्षांचा असताना पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, त्यात फ्रेडी पियानो वाजवी. त्या पाचांतला एक पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, एक नट झाला, आणि फरंग इराणी यांनी तर आमच्या पुण्यातच उपाहारगृह चालवले. म्हणजे ज्या माणसाला मामा साता समुद्रांपलीकडचा समजत होता, त्याचा बालमित्र पुण्यातच लोकांना जेवू घालीत होता!

त्या हिवाळ्यात मी मामाला घेऊन पाचगणीला गेलो. स्वारगेटहून एस.टी.; वाई; मग पसरणीचा घाट. मामाने अडुसष्टी गाठली होती. शाळेच्या फाटकाशी आम्ही उभे राहिलो. आत जाण्याचे आम्हाला काही कारण नव्हते आणि मामाची तशी इच्छाही नव्हती. तिथे मुंबईहून मोटारसायकलवर आलेली एक तरुण जोडी फोटो काढत होती. दोघांच्या सदऱ्यांवर फ्रेडीचे चित्र. त्यांना सगळे पाठ. कोणते गाणे कोणत्या साली, कोणत्या मैदानावर किती माणसे. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बलीवर बहात्तर हजार लोकांनी एकदम टाळ्या कशा वाजवल्या, हे ती मुलगी स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगत होती. तिचा जन्म त्यानंतरचा होता हे उघड होते. तिने मामाला विचारले, ‘काका, तुम्हाला कोणतं गाणं आवडतं?’

मामाला एकाही गाण्याचे नाव येत नव्हते. त्याने वहाण काढली, तांबड्या मातीवर दोनदा पाय आपटला आणि एक टाळी वाजवली.

मुलगा-मुलगी हसली नाहीत. त्यांनीही पाय आपटले. चारपाच वेळा झाल्यावर पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही सगळेच जरा लाजून थांबलो. परतीच्या गाडीत मामा म्हणाला, ‘आठ वर्षांचं पोर. बोटीनं आलं. आई तिकडं, हे इकडं. रात्री रडत असेल रे ते.’ इतक्या वर्षांत त्या माणसाविषयी मामा असे काही प्रथमच बोलला. तोपर्यंत फ्रेडी त्याला फक्त एक गळा होता. त्या दिवशी तो कोणाचे तरी पोर झाला.

आज या माणसावर हक्क सांगणारे पुष्कळ आहेत. झांजिबारने त्याच्या नावाचे संग्रहालय काढले आहे. पारशी म्हणतात आमचा, इंग्रज म्हणतात आमचा, आणि पाचगणीला स्ट्रॉबेरी खाता खाता आपणही म्हणतो आमचा. तो स्वतः हयातीत आपल्या बालपणाविषयी फारसे बोलत नसे. १९६४च्या जानेवारीत झांजिबारात उठाव झाला, कुटुंब जीव घेऊन लंडनजवळच्या फेल्टमला आले; मागचे सगळे मागेच राहिले. त्याने ते का झाकले, याची चर्चा विद्वान करतात. मला तो अधिकार नाही. मात्र एवढे दिसते, की चाहत्यांनी प्रेम करताना त्याला गाव, जात, धर्म यांतले काहीच विचारले नव्हते. कळले तेव्हा प्रेम वाढलेही नाही आणि घटलेही नाही. मामा पाचगणीहून परतल्यावर तीच उचकी लागणारी कॅसेट पुन्हा ऐकू लागला.

लग्नांत आता पूर्वीसारखे बँड उरले नाहीत. गाडीवर भिंतीएवढे कर्णे रचून येतात, आणि वरातीत दहा माणसांच्या ऐवजी एक बटण वाजते. मामाचा ढोल मामीने उभा करून त्यावर गाद्या रचल्या आहेत. मामा पंचाहत्तरीचा झाला आहे; कानाने कमी ऐकतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शाळेत वीज गेली होती, बाहेर अंधारून आले होते आणि नववीच्या वर्गावर शिक्षक नव्हते. मी व्हरांड्यातून जात होतो. आतून बाकांवर ठोके ऐकू आले. दोन ठोके, एक टाळी. दोन ठोके, एक टाळी. साठ मुले, एक ताल. मी दारात उभा राहिलो तशी सगळी चिडीचूप झाली. मी विचारले, ‘हे कुठे शिकलात?’

एक मुलगा उठून म्हणाला, ‘सर, क्रिकेटच्या मॅचला वाजवतात.’

‘कोणाचं आहे, ठाऊक आहे?’

त्याने मान हलवली. बाकीच्यांनाही ठाऊक नव्हते. शिक्षकाच्या सवयीने मी खडू हातात घेतला. फळ्यावर नाव, साल, गाव लिहावे असे मनात आले होते. पण पुढच्या बाकावरच्या एका मुलीचा तळहात अजून हवेत, टाळीसाठी उचललेला तसाच थांबला होता. मी खडू खाली ठेवला आणि म्हटले, ‘चालू द्या. फक्त शेजारच्या वर्गाची परीक्षा आहे, तेव्हा जरा हळू.’